सुधारण्याची सक्ती

मेरीलँड हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक लहान राज्य. तिथल्या न्यायालयानं १९६६ साली एडवर्ड मॅक्नील या माणसाला हल्ल्याच्या दोन गुन्ह्यांत शिक्षा सुनावली : जास्तीत जास्त पाच वर्षं. नेहमीच्या तुरुंगाऐवजी त्याला पटक्सेंट नावाच्या संस्थेत तपासणीसाठी पाठवलं गेलं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आले, प्रश्न विचारू लागले. मॅक्नील गप्प राहिला. आपण जे बोलू तेच आपल्यावर उलटवलं जाईल, आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क राज्यघटनेनं आपल्याला दिला आहे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे तपासणी अपुरी राहिली. पाच वर्षं सरली, शिक्षेची मुदत संपली, तरी त्याला सोडलं नाही. कारण काय, तर तपासणी व्हायची आहे आणि तो ती होऊ देत नाही. जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, तोवर त्याची सहा वर्षं आत गेली होती.

पटक्सेंटच्या अधिकाऱ्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. १९५५ साली ही संस्था सुरू झाली तेव्हा अमेरिकेतले पुरोगामी लोक तिच्याकडे आशेनं पाहत होते. गुन्हेगाराला नुसतं कोंडून ठेवण्यापेक्षा त्याच्यावर उपचार करावेत, त्याला माणसांत परत आणावं, असा हेतू होता. संस्थेचा प्रमुख मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे, असं कायद्यात लिहिलेलं होतं. कैद्यांसाठी चार पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर सवलती थोड्या, वरच्या पायरीवर जास्त. एक अट मात्र सगळ्यांच्या वरची होती. एकदा का एखादा कैदी ‘सदोष गुन्हेगार’ या वर्गात पडला, की न्यायालयानं दिलेली मुदत बाजूला राहायची आणि तो ‘बरा’ झाला असं ठरेपर्यंत आत राहायचा. मग मूळ शिक्षा दोन वर्षांची असो की वीस वर्षांची.

न्यायाधीश शिक्षा देतो तेव्हा तिला शेवट असतो; तारीख मोजता येते. डॉक्टर उपचार करतो तेव्हा रोगी बरा झाला की उपचार थांबतो. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, तर बरं होण्याची व्याख्या ज्याच्या हाती त्याच्याच हाती कुलपाची किल्ली जाते. तुरुंगातल्या वर्तनबदलाच्या प्रयोगांवर अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत जो मोठा वाद झाला, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

ही गाठ पडली ती मात्र त्या वादाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच. १८७० साली सिनसिनाटीत तुरुंगसुधारकांची परिषद भरली आणि मुदत आधी न ठरवता, कैदी सुधारला की सोडावा, असं तत्त्व तिनं मांडलं. त्यामागे अलेक्झांडर मॅकोनोची या स्कॉटिश नौदल अधिकाऱ्याची प्रेरणा होती. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला नॉरफोक बेटावर ब्रिटिशांची अत्यंत क्रूर समजली जाणारी कैद्यांची वसाहत होती. १८४० ते १८४४ या काळात तिचा कारभार मॅकोनोचीकडे होता. शिक्षा वर्षांत मोजायची नाही, गुणांत मोजायची, अशी त्याची पद्धत. काम आणि वागणूक यांतून कैद्यानं ठरलेले गुण कमवायचे आणि सुटायचं. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या सुधारगृहात १८७६ पासून झेब्युलन ब्रॉकवे यानं हेच गुणांचं तंत्र आणलं. त्याच एल्मायरात कैद्यांना निर्दयपणे झोडपून काढलं जातं, हे १८९० च्या दशकातल्या चौकशीत उघड झालं. सुधारणेची भाषा आणि चाबूक एकाच इमारतीत नांदू शकतात, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही भाषा सगळीकडे पसरली. १९५४ साली ‘अमेरिकन प्रिझन असोसिएशन’ या संघटनेनं आपलं नाव बदलून ‘अमेरिकन करेक्शनल असोसिएशन’ केलं. तुरुंगांच्या पाट्या बदलल्या, पहारेकरी ‘करेक्शनल ऑफिसर’ झाले. (आपल्या राज्यातल्या खात्याचं नावही ‘कारागृह व सुधारसेवा’ असंच आहे.) कॅलिफोर्नियात बहुतेक शिक्षा ‘एक वर्ष ते जन्मठेप’ अशा सैल मापाच्या असत, आणि प्रत्यक्ष किती काळ ठेवायचं ते एक मंडळ ठरवी. जॉर्ज जॅक्सन या कृष्णवर्णीय तरुणाला १९६१ साली पेट्रोल पंपावरच्या ७० डॉलरच्या लुटीसाठी अशी शिक्षा झाली. ऑगस्ट १९७१ मध्ये सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पहारेकऱ्यांच्या गोळीनं तो मेला, तेव्हाही ती शिक्षा चालूच होती. अशा व्यवस्थेत गटचर्चेला जाणारा कैदी खरोखर बदलायला जातोय, की मंडळापुढे कागदावर दाखवायला जातोय, हे कोण सांगणार? कैद्यांना स्वतःलाही ते सांगता येत नसे.

या पार्श्वभूमीवर नवं मानसशास्त्र तुरुंगात शिरलं. १९६१ साली केंद्रीय तुरुंग खात्यानं वॉशिंग्टनमध्ये तुरुंगाधिकारी आणि समाजशास्त्रज्ञ यांची एक बैठक घेतली. तिथे एमआयटीचे मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन बोलले. कोरियाच्या युद्धात चिन्यांच्या ताब्यात सापडलेल्या अमेरिकन सैनिकांचा त्यांनी अभ्यास केला होता. माणसांना एकमेकांपासून तोडणं, कोण खबऱ्या आहे याचा संशय त्यांच्यात पेरणं, जुने भावनिक आधार काढून घेणं या चिनी तंत्रांचं वर्णन त्यांनी केलं, आणि तंत्र म्हणून त्यांच्याकडे तटस्थपणे पाहावं, असं सुचवलं. खात्याचे संचालक जेम्स बेनेट यांनी अधिकाऱ्यांना प्रयोग करायला उत्तेजन दिलं. ज्याला ‘ब्रेनवॉशिंग’ म्हणून अमेरिका दशकभर घाबरत होती, त्याचीच शिदोरी अमेरिकन तुरुंगाधिकाऱ्यांपुढे उघडली गेली. पुढे हे भाषण कैद्यांच्या हाती पडलं. वर्तनबदलाच्या प्रत्येक प्रयोगाकडे ते एवढ्या संशयानं का पाहू लागले, याचं एक कारण हे.

दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतून आला. बी. एफ. स्किनर यांचा सिद्धांत साधा आहे : ज्या कृतीनंतर काही हवंहवंसं मिळतं ती कृती वाढते. इलिनॉयमधल्या ॲना इथल्या मनोरुग्णालयात टिओडोरो आयलॉन आणि नेथन एझ्रिन यांनी १९६० च्या दशकात यावरून टोकन पद्धत बसवली. वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात बसून राहिलेले रुग्ण अंथरूण नीट लावायला, दात घासायला, स्वयंपाकघरात मदत करायला लागले. त्याबद्दल मिळणारी टोकनं देऊन त्यांना खाऊ किंवा छोट्या सुखसोयी घेता येत. हे खरं यश होतं, आणि त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. शाळांत, मतिमंद मुलांच्या संस्थांत ही पद्धत गेली, तिथेही तिनं बरंच काम केलं.

तुरुंगात आल्यावर तिचं काय झालं, ते पाहण्यासाठी मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला जायला हवं. तिथे केंद्र सरकारचं कैद्यांचं वैद्यकीय केंद्र आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये तिथे ‘स्टार्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. विशेष उपचार आणि पुनर्वसन प्रशिक्षण अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. देशभरच्या केंद्रीय तुरुंगांत जे कैदी कोणालाच आवरत नव्हते, ज्यांना महिनोन्‌महिने एकांतकोठडीत टाकलेलं होतं, त्यांना निवडून इथे आणलं गेलं. जायचं आहे का, हे त्यांना कोणी विचारलं नाही. कार्यक्रमाला आठ पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर कैदी जवळजवळ पूर्ण वेळ कोठडीत; आठवड्यातून दोनदा आंघोळ, दोनदा व्यायाम. कर्मचारी रोज त्याचं वागणं तपासत : कोठडी स्वच्छ आहे का, हुकूम ऐकला का, उलट बोलला का. ‘चांगले दिवस’ पुरेसे साठले की वरची पायरी, आणि तिथे थोडं अधिक बाहेर येणं, थोडं काम, थोड्या वस्तू.

कागदावर हे ॲनाच्या टोकनांसारखंच दिसतं. फरक सुरुवातीत आहे. ॲनाच्या रुग्णाला जे मिळालं ते त्याच्यापाशी आधी नव्हतं. स्प्रिंगफील्डच्या कैद्याकडून आधी सगळं काढून घेतलं आणि मग तेच तुकड्यातुकड्यानं बक्षीस म्हणून परत दिलं. आंघोळ, मोकळी हवा, वाचायला काही, माणसाचा सहवास यांना बक्षीस म्हणायचं, तर माणसाचा हक्क कुठून सुरू होतो? मनोरुग्णांच्या बाबतीत अलाबामातल्या एका न्यायालयानं याच काळात असं ठरवलं होतं, की अंथरूण, जेवण, भेटीगाठी यांसारख्या किमान गोष्टी रुग्णाला बिनशर्त मिळाल्याच पाहिजेत. तुरुंगातल्या कैद्यांना मात्र तो निकाल लागू नव्हता.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कैदी बाहेरच्या जगात नीट जगावा, हे स्टार्टचं उद्दिष्टच नव्हतं. त्यानं एकांतकोठडीतून नेहमीच्या तुरुंगात परत जावं आणि तिथे त्रास देऊ नये, एवढंच साधायचं होतं. म्हणजे ज्याला उपचार म्हटलं त्याचा रुग्ण कोण, तर तुरुंगाचा कारभार. काही कैद्यांनी पायऱ्या चढायलाच नकार दिला. पहिल्या पायरीवर बसून त्यांनी खटला भरला. जुलै १९७४ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयानं निर्णय दिला, की कैद्याला अशा कार्यक्रमात घालणं हा त्याच्या परिस्थितीतला मोठा बदल आहे, आणि तो सुनावणीशिवाय करता येणार नाही. त्याआधीच, १९७४ च्या सुरुवातीला, खात्यानं कार्यक्रम गुंडाळला होता. त्यामुळे धर्मपालन, अभिव्यक्ती, क्रूर शिक्षा हे बाकीचे प्रश्न न्यायालयानं अनिर्णितच ठेवले.

स्टार्टमध्ये निदान सुई नव्हती. कॅलिफोर्नियात व्हॅकाव्हिल इथल्या तुरुंगरुग्णालयात काही कैद्यांना सक्सिनिलकोलीन हे औषध टोचलं गेलं. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर स्नायू सैल करायला डॉक्टर ते वापरतात. भूल न देता दिलं तर अर्ध्या मिनिटात सगळं शरीर लुळं पडतं, श्वासाचे स्नायूही थांबतात, आणि माणूस पूर्ण जागा असतो. बुडाल्यासारखं वाटणाऱ्या त्या मिनिट-दोन मिनिटांत त्याला बजावलं जाई, की पुन्हा मारामारी करावीशी वाटली तर हे आठव. मॅके नावाच्या कैद्यानं विजेचे झटके घ्यायला संमती दिली होती. हे औषध आपल्या संमतीशिवाय दिलं, अशी त्याची तक्रार होती. १९७३ साली अपील न्यायालयानं त्याचा दावा ऐकण्याजोगा ठरवला. त्याच वर्षी आयोवा राज्यातला असाच एक खटला निकाली निघाला. तिथे सुरक्षागृहात शिव्या दिल्या, खोटं बोललं, वेळेवर उठलं नाही, परवानगी नसताना सिगारेट दिली, एवढ्यावरून अपोमॉर्फिनचं इंजेक्शन दिलं जात होतं. पंधरा मिनिटांपासून तासभरापर्यंत उलट्या. हे क्रूर आहे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढे हे करायचंच असेल तर कैद्याची लेखी संमती हवी, ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे, आणि प्रत्येक इंजेक्शनला डॉक्टरची परवानगी हवी.

संमती हा शब्द इथे आला, आणि खरा पेच त्यातच आहे. कोंडलेल्या माणसाची संमती म्हणजे नेमकं काय? मिशिगनमधल्या एका माणसानं याचं उत्तर स्वतःच्या आयुष्यातून दिलं. १९५५ पासून तो राज्याच्या रुग्णालयात होता. त्याच्यावर खुनाचा आरोप होता, पण खटला न चालवता त्याला ‘लैंगिक मनोविकृत’ या कायद्याखाली बेमुदत ठेवलं होतं. १९७२ मध्ये डेट्रॉइटच्या लाफायेत क्लिनिकनं एक संशोधन आखलं : अनावर हिंसक माणसांच्या मेंदूतल्या एका भागावर शस्त्रक्रिया करून हिंसा कमी होते का ते पाहायचं. या माणसानं सही केली, त्याच्या आईवडिलांनीही केली. एका वकिलाला हे कळलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. सुनावणीत आधी ठरलं, की त्याला इतकी वर्षं ठेवणं मुळातच घटनाबाह्य होतं. सुटकेचं दार दिसल्यावर त्यानं शस्त्रक्रियेची संमती मागे घेतली. न्यायालयानं तरीही प्रश्न निकाली काढला : अनिच्छेनं डांबून ठेवलेल्या माणसाची अशा प्रयोगाला दिलेली संमती खऱ्या अर्थानं स्वेच्छेची असू शकत नाही. दार बंद असताना ‘हो’ आणि उघडल्यावर ‘नाही’. माणूस तोच, मेंदू तोच.

यावरून कैद्यांवर संशोधनच नको, असा सरळ निष्कर्ष काढावासा वाटतो. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञानं कैद्यांच्या कातडीवर जे प्रयोग केले, ते वाचल्यावर तर नक्कीच. पण संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे सदस्य मिशिगनमधल्या जॅक्सनच्या तुरुंगात गेले, तेव्हा औषधचाचण्यांत भाग घेणाऱ्या कैद्यांनी त्यांना सांगितलं, की या चाचण्या बंद करू नका. त्यातून चार पैसे मिळत होते, दिवस जरा बरे जात होते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुरुंगातली बाकीची अवस्था एवढी वाईट होती, की चाचणी हा त्यातला बरा भाग होता. आयोगानं १९७६ मध्ये अहवाल दिला, १९७८ मध्ये नियम आले आणि कैद्यांवरच्या संशोधनाच्या वाटा खूप अरुंद झाल्या.

१९७४ हे या सगळ्याचं वळणाचं वर्ष. फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या कायदा-सुव्यवस्था साहाय्य संस्थेनं वर्तनबदलाच्या कार्यक्रमांचा निधी बंद केला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं त्यावर आक्षेप घेतला : मेंदूवरची शस्त्रक्रिया, उलटीचं औषध आणि शाबासकी देऊन शिकवणं या तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली कोंबल्या जात आहेत. हा आक्षेप मला रास्त वाटतो. नोव्हेंबरमध्ये सिनेटर सॅम अर्विन यांच्या उपसमितीनं वर्तनबदलातला सरकारचा वाटा उघड करणारा जाडजूड अहवाल काढला. प्रयोग बंद झाले. एकांतकोठड्या मात्र बंद झाल्या नाहीत. इलिनॉयमधल्या मॅरियनच्या तुरुंगात १९७२ मध्ये सुरू झालेला नियंत्रण विभाग चालूच राहिला, १९८३ पासून तो अख्खा तुरुंगच कुलूपबंद झाला, आणि १९९४ मध्ये कोलोरॅडोत फ्लोरेन्स इथे फक्त एकांतवासासाठी बांधलेला महातुरुंग उघडला. तिथे कोणी कोणाला सुधारण्याचा दावा करत नाही.

त्याच १९७४ च्या वसंतात ‘द पब्लिक इंटरेस्ट’ या नियतकालिकात रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाचा लेख आला. तुरुंगसुधारणेत नेमकं चालतं काय, असा प्रश्न त्यानं शीर्षकातच विचारला होता. मार्टिन्सन तुरुंगाला बाहेरून पाहणारा माणूस नव्हता. १९६१ मध्ये दक्षिणेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या ‘फ्रीडम राइड’मध्ये भाग घेतल्याबद्दल तो मिसिसिपीत तुरुंगात जाऊन आला होता. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या समितीसाठी त्यानं आणि दोन सहकाऱ्यांनी १९४५ ते १९६७ या काळातले २३१ अभ्यास तपासले. निष्कर्ष गैरसोयीचा निघाला, म्हणून राज्यानं अहवाल दाबून ठेवला. एका खटल्यात वकिलानं तो न्यायालयामार्फत मागवला, तेव्हा कुठे तो बाहेर आला. लेखाचा सूर असा होता : मोजके अपवाद सोडले तर पुनर्वसनाच्या कार्यक्रमांनी कैद्यांच्या पुन्हा गुन्ह्याकडे वळण्यावर दखल घेण्याजोगा परिणाम केलेला नाही.

‘काहीच चालत नाही’ हे दोन-तीन शब्द वणव्यासारखे पसरले. डाव्यांना ते हवे होते, कारण सुधारणेच्या नावाखाली चाललेली मनमानी त्यांना थांबवायची होती. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संघटनेनं १९७१ मध्येच ‘स्ट्रगल फॉर जस्टिस’ या पुस्तकात बेमुदत शिक्षेवर हल्ला चढवला होता. ज्यांच्या पूर्वजांनी फिलाडेल्फियात पश्चात्तापासाठी एकांताचे तुरुंग उभारले, त्यांच्याच वारसांनी हे लिहावं, याला मोठं धैर्य लागतं. उजव्यांनाही ते शब्द हवे होते, कारण कैद्यांवर पैसा कशाला खर्चायचा, हा त्यांचा प्रश्न होता. मार्टिन्सनची स्वतःची अपेक्षा अशी, की उपचारानं फरक पडत नसेल तर निदान माणसं कमी कोंडली जातील. झालं उलट. कॅलिफोर्नियानं १९७६ मध्ये ठरावीक मुदतीच्या शिक्षेचा कायदा केला, १९८४ मध्ये केंद्रानं केला, आणि मग मुदती वाढतच गेल्या. राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत १९७२ मध्ये सुमारे २ लाख माणसं होती. २००९ पर्यंत ती १६ लाखांवर गेली.

दरम्यान कॅलिफोर्नियातल्या टेड पामर या संशोधकानं मार्टिन्सनच्या लेखात आलेलेच अभ्यास पुन्हा मोजले. ८२ पैकी ३९ अभ्यासांत, म्हणजे ४८ टक्के, काही ना काही चांगला परिणाम दिसत होता. सगळ्यांना चालेल असा एक उपाय मार्टिन्सन शोधत होता, आणि तसा नाही म्हणून त्यानं हात टेकले, असं पामरचं म्हणणं. १९७९ मध्ये खुद्द मार्टिन्सननं एका विधिविषयक नियतकालिकात लिहिलं, की आपलं आधीचं विधान चुकीचं होतं. काही कार्यक्रमांचा परिणाम होतो, काहींचा अपायही होतो, आणि ते कोणत्या परिस्थितीत राबवले जातात यावर बरंच अवलंबून असतं. अभ्यासकानं आपलीच गाजलेली चूक छापून मान्य करावी, असं फार वेळा घडत नाही. पण पहिला लेख टीव्हीवर गेला होता; हा कोणी वाचला नाही. त्यानंतर थोड्याच काळात मार्टिन्सन गेला.

पुढचं काम मुख्यतः कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी नेलं. कोणाला मदतीची खरी गरज आहे, त्याचा कोणता प्रश्न गुन्ह्याशी जोडलेला आहे, आणि त्याला कसं शिकवलं तर समजेल, या दिशेनं डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोंटा यांनी विचार बांधला. रागाच्या क्षणी डोक्यात काय चालतं ते ओळखायला आणि थांबायला शिकवणाऱ्या कार्यक्रमांच्या ५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये निघाला. शंभरातले चाळीस पुन्हा गुन्ह्यात सापडत होते तिथे सुमारे तीस सापडले. चमत्कार नव्हे, पण ती दहा माणसं आणि त्यांच्या हातून ज्यांचं नुकसान झालं असतं ती माणसं, ही छोटी गोष्ट नाही.

तरी मोजमापाचा एक अवघड प्रश्न राहतोच, आणि तो आपल्या ओळखीच्या उदाहरणांवरून चटकन कळेल. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना, आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ती उचलून धरली. भिंत नाही, कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळे ती देशाला ठाऊक झाली. आता समजा, तिथून सुटलेले लोक क्वचितच पुन्हा गुन्हा करतात असं दिसलं. श्रेय वसाहतीचं, की तिथे पाठवताना वागणूक पाहून निवडलेल्या माणसांचं? इगतपुरीच्या धम्मगिरीवरून जगभर गेलेली विपश्यना १९९७ पासून सिॲटलजवळच्या एका तुरुंगातही शिकवली गेली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासात, सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांचं दारू आणि अमली पदार्थांचं सेवन इतरांपेक्षा कमी आढळलं. पण दहा दिवस मौन पाळून बसायला स्वतःहून तयार झालेला माणूस आधीपासूनच बदलाच्या वाटेवर असतो. चिठ्ठ्या टाकून दोन गट केल्याशिवाय हा गुंता सुटत नाही, आणि स्वेच्छेच्या गोष्टीत चिठ्ठ्या टाकणं सोपं नसतं.

हा गुंता न सोडवता पुढे गेलं तर काय होतं, ते इंग्लंडनं पाहिलं. लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य उपचार-कार्यक्रम तिथे १९९० च्या दशकापासून चालू होता. चांगले, प्रामाणिक लोक तो चालवत होते. अखेर २,५६२ उपचारित कैद्यांची तुलना उपचार न घेतलेल्या १३,२१९ कैद्यांशी केली, तेव्हा उपचार घेतलेल्यांत पुन्हा तसा गुन्हा करणारे १० टक्के निघाले आणि न घेतलेल्यांत ८ टक्के. २०१७ मध्ये कार्यक्रम मागे घेतला गेला. संशोधनाची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. हेतू शुद्ध असला तरी तपासल्याशिवाय उपाय चालवत राहणं हेही कैद्यांवर आणि समाजावर केलेलं एक धाडसच.

मग धरायचं काय? शिकागोचे कायद्याचे प्राध्यापक नॉर्व्हल मॉरिस यांनी १९७४ मध्येच मांडलेली वाट मला अजूनही सर्वांत पटते. सक्तीनं बरं करणं सोडा, ज्याला बदलायचं आहे त्याला मदत करा. सुटकेची तारीख कैद्याला सुरुवातीलाच सांगा, आणि तो वर्गात बसला की नाही, गटचर्चेत रडला की नाही, यावर ती हलू देऊ नका. त्यानंतर जो वर्गात येईल तो शिकायलाच येईल. नॉर्थ कॅरोलायनातल्या बटनर इथे १९७६ मध्ये उघडलेल्या केंद्रीय तुरुंगात हे तत्त्व प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न झाला. गंमत नव्हे, दुर्दैव असं, की वर्तनबदलाची नवी प्रयोगशाळा येतेय या भीतीनं बटनरला उघडण्याआधीच विरोध झाला होता. स्प्रिंगफील्ड आणि व्हॅकाव्हिलनं लोकांचा विश्वास इतका घालवला होता.

आपल्याकडे हा विचार आणखी एका कारणानं तातडीचा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतीय तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तिघं कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, त्यांना सुधारायचा अधिकार राज्याला कुठून मिळतो? त्यांना वाचायला पुस्तक, शिकायला काम, बोलायला वकील आणि घरच्यांची भेट द्यायला मात्र कोणतंही संशोधन लागत नाही.

अशी सक्तीविना मदत अमेरिकेतही होती : १९७२ च्या कायद्यानं सुरू झालेली, पुढे ‘पेल’ नावानं ओळखली गेलेली शिष्यवृत्ती कैद्यांनाही महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळत होती. कोणी सक्ती करत नव्हतं. ज्याला हवं त्यानं शिकायचं. ‘काहीच चालत नाही’च्या लाटेत १९९४ मध्ये काँग्रेसनं ती काढून घेतली. २०१३ मध्ये रँड संस्थेनं तुरुंगातल्या शिक्षणाचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. शिकलेल्या कैद्यांचं पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा शंभरात तेरानं कमी होतं. ही शिष्यवृत्ती जुलै २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, एकोणतीस वर्षांनी.